घाटाचा वेग



या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्य, रंगभूमी, शब्दकोश, इतिहाससंशोधन अशा विषयांवर जाणकारांनी व्याख्याने दिली आहेत. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. बीएचएमएस झाल्यावर गेली सदतीस वर्षे मी याच बेळगावात दवाखाना चालवतो. निमंत्रणपत्रिकेवर 'डोंगरखिंडींतून सायकलप्रवास' असा विषय छापला गेला. तो वाचून माझ्या एका जुन्या रुग्णाने विचारले, "डॉक्टर, साहित्याच्या संस्थेत सायकलचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. म्हणून मी सुरुवात सायकलीपासून न करता एका शब्दापासून करतो. तो शब्द म्हणजे घाट.

घाट या शब्दाचे आपल्याकडे किती अर्थ आहेत ते तुम्ही जाणताच. नदीच्या पायऱ्यांना आपण घाट म्हणतो. दागिन्याच्या किंवा भांड्याच्या घडणीलाही घाट म्हणतो. एखादा बेत आखला की 'घाट घातला' असे म्हणतो. आणि डोंगर चढून जाणारी वाट, तीही घाट. हिमालयात गेलो की या शेवटच्या अर्थाला वेगवेगळे शब्द भेटतात. लडाखी आणि तिबेटी भाषेत 'ला', हिमाचलात 'जोत', कुमाऊंत 'धुरा'. पण हे शब्द आणि आपला शब्द यांत एक फरक आहे. 'ला' म्हणजे वाट जिथे डोंगराची धार ओलांडते ती जागा, तो माथा. त्यासाठी आपल्याकडे खिंड हा शब्द आहेच. घाट म्हणजे मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंतची सगळी वाट, तिची वळणे, तिचे टप्पे, तिच्यावरची पाण्याची जागा. 'घाट लागला' आणि 'घाट संपला' या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही घडते ते सगळे त्या शब्दात येते.

नाणेघाट आठवा. कल्याणकडून जुन्नरकडे जाणारी ही सातवाहनकाळातली वाट. तिथे जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, नागनिकेच्या शिलालेखाचे लेणे आहे, पाण्याची टाकी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ही वाट बांधून काढली त्यांना ठाऊक होते की चढून येणाऱ्या माणसाला आणि जनावराला थांबावे लागते, पाणी लागते, सावली लागते. वाट बांधायची तर चढणाऱ्याच्या दमाचा हिशेब करूनच ती बांधावी लागते.

माझे आजचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे: डोंगरात जायचे तर खिंड मोजू नका, घाट मोजा. सायकलस्वार म्हणून मी हे सांगतो आणि डॉक्टर म्हणूनही. दुसऱ्या नात्याने सांगताना त्यात कोणाच्या जिवाचा प्रश्न असतो, म्हणून आज थोडे आग्रहाने बोलणार आहे.

आधी घराजवळचा घाट घेऊ. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याचा घाट उतरून आपण गोव्यात केरी, साखळीला पोहोचतो. गाडीतून शेकडो वेळा गेला असाल. सायकलवरून गेलात तर एक गोष्ट पायांना कळते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिचे पाणी पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचते. याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. नकाशावर इथे कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या हद्दी जवळजवळ येतात. सायकलीच्या वेगाने जाताना या हद्दी पाटीवर दिसतात, पण बोलण्यात अशी रेघ सापडत नाही. कणकुंबीचे मराठी उतारावर हळूहळू कोंकणीकडे झुकते, आणि चहाच्या टपरीवर दोन्ही एकाच वाक्यात ऐकू येतात. आपण सीमाभागातली माणसे. डोंगर माणसांना वेगळे करतो हे आपण पुष्कळदा ऐकतो, पण डोंगरातल्या वाटा कोणत्या तरी दोन बाजूंच्या माणसांना एकमेकांकडे जायचे होते म्हणूनच पडल्या, हेही लक्षात ठेवायला हवे.

आता सायकलीकडे येतो. डोंगर चढणारी सायकल म्हणजे गिअरची सायकल, आणि या गिअरची कथा सांगण्याजोगी आहे. फ्रान्समधल्या सेंत-एतियेन या गावी पॉल द विव्ही नावाचे गृहस्थ होऊन गेले. १८५३ चा जन्म, १९३० साली मृत्यू. 'वेलोसिओ' या टोपणनावाने ते सायकलविषयी लिहीत, मासिक चालवत आणि गावाजवळच्या घाटांवर नवनव्या गिअरांचे प्रयोग करत. चढाला एक गिअर आणि सपाटीला दुसरा असावा, ही त्यांची जन्मभराची खटपट. तर 'टूर द फ्रान्स' ही प्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू करणारे आँरी देग्रांज यांना गिअर मुळीच पसंत नव्हते. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी गिअर ठीक, तरुणांनी स्नायूंच्या बळावर जिंकावे, असे त्यांचे मत होते. १९१० साली त्यांच्या शर्यतीत २,११५ मीटर उंचीचा तुर्माले घाट पहिल्यांदा आला, तोही असा. साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला त्या शर्यतीत परवानगी मिळायला १९३७ साल उजाडावे लागले.

देग्रांज यांच्या हिशेबाने मी गिअर वापरायला पात्र होऊन वीस वर्षे झाली. या सभागृहातले बहुतेक श्रोतेही पात्र आहेत. माझ्या सायकलीला पुढे २२ दात्यांचे छोटे चक्र आहे आणि मागे ३४ दात्यांचे मोठे. या जोडीवर पायडलचा एक फेरा पुरा झाला तरी मागचे चाक एक फेराही पुरा करत नाही. वेग ताशी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. पण छाती फुटत नाही, गुडघा दुखत नाही, शेजारच्याशी बोलता येते. चढावर बोलता येणे ही माझी कसोटी आहे. वाक्य तुटू लागले की गिअर खाली आणायचा. सगळ्यात खालच्या गिअरवरही वाक्य तुटले तर उतरून चालायचे. त्यात कमीपणा नाही.

वेलोसिओंनी सायकलस्वारांना काही नियम घालून दिले होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, भूक आणि झोप उडेल इतके दमू नये, आणि केवळ लोकांना दाखवण्यासाठी पायडल मारू नये, असा त्यांचा आशय. हे गृहस्थ शाकाहारी होते हे कळले तेव्हा आमच्या घरात त्यांच्याविषयीचा आदर एकदम वाढला.

आपल्या बाजूची माणसेही यात मागे नव्हती. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराणपासून अमेरिका-जपानपर्यंत फिरून १९२८ साली मुंबईला परतले. १९६३ साली डर्व्हला मर्फी नावाची आयरिश बाई एकटी सायकलवरून भारतात आली. वाटेत चार हजार मीटरहून उंच असलेली बाबूसर खिंड तिने बर्फातून सायकल ओढत, उचलत ओलांडली. त्यांच्या सायकली आजच्या मानाने बोजड होत्या. पण जे वेळ देतील त्यांना डोंगर वाट देतो, हे या सगळ्यांच्या प्रवासातून दिसते.

आता मोठ्या घाटाकडे वळतो. २०१८ च्या जुलैत, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, मी दोन मित्रांबरोबर मनाली ते लेह हा रस्ता सायकलने केला. एक मित्र बँकेतून निवृत्त झालेले, दुसरे हायस्कुलात चित्रकला शिकवणारे. अंतर सुमारे पावणेपाचशे किलोमीटर. तरुण मंडळी ते आठ-नऊ दिवसांत करतात. आम्ही तेरा दिवस घेतले.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. तिथून ३,९७८ मीटरचा रोहतांग चढायचा, पलीकडे लाहौलमध्ये उतरायचे. तिथे चंद्रा नदी भेटते. तिच्या काठाने तांदीला पोहोचलो की दुसरी नदी येते, तिचे नाव भागा. दोघींचा संगम होतो आणि पुढे ती नदी चंद्रभागा म्हणवली जाते. मैदानातली चिनाब ती हीच. आपली पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा. तिथे ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ते नाव. पण तांदीच्या पुलावर हे नाव ऐकले आणि आम्ही तिघेही न ठरवता सायकलींवरून उतरलो. या दोन्ही नद्या बारालाचा या एकाच खिंडीच्या दोन अंगांना उगम पावतात. लाहौलातली कथा अशी की चंद्राची कन्या आणि सूर्याचा पुत्र यांचे एकमेकांवर प्रेम होते. दोघे खिंडीवरून विरुद्ध दिशांना निघाले आणि डोंगराला वळसा घालून तांदीला भेटले. चंद्रा चपळ, ती आधी पोहोचली. मलप्रभा आणि म्हादई पाहिलेल्या माणसाला ही कथा परकी वाटत नाही. फरक एवढाच की आपल्या दोघींची पुन्हा भेट होत नाही.

तांदीला पेट्रोल पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी तिथली प्रसिद्ध पाटी. तिथून केलाँग, जिस्पा, दारचा करत रस्ता चढतो. सूरजताल या तळ्यावरून सुमारे ४,८५० मीटरचा बारालाचा ला येतो. पलीकडे सरचू, ४,२९० मीटर. पुढे गाटा लूप्स नावाची एकवीस वळणे, मग नकी ला, मग पाच हजार मीटर ओलांडणारा लाचुंग ला. नंतर पांग, मोरे नावाचे उंचावरचे सुमारे चाळीस किलोमीटरचे सपाट पठार, आणि शेवटचा तांगलांग ला, सुमारे ५,३०० मीटर. तो उतरला की उपशीला सिंधू भेटते आणि तिच्या काठाने लेह.

नावे आणि आकडे सांगितले ते एका कारणासाठी. या रस्त्यावरचे प्रवासी याच आकड्यांच्या पाट्यांपाशी उभे राहून फोटो काढतात. किती 'ला' झाले ते मोजतात. शरीर मात्र हे आकडे मोजत नाही. रात्री तुम्ही किती उंचीवर झोपलात आणि कालच्यापेक्षा ती किती जास्त होती, एवढेच ते मोजते.

हे जरा उलगडून सांगतो. उंचावर हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, साधारण २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. सरचूला तो समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के असतो आणि तांगलांग लावर निम्म्याच्या जवळ येतो. म्हणजे तेवढ्याच श्वासात जेमतेम अर्धा प्राणवायू. शरीर याला सरावते, पण सवडीने. श्वास खोल आणि जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातल्या क्षारांचा तोल बदलतात म्हणून लघवी जास्त होते, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा जगभरचे डॉक्टर सल्ला देतात. हा नियम मोडला की डोके दुखते, मळमळते, झोप येत नाही. आपल्याकडे गाडी लागते, तशी तिथे उंची लागते. बहुतेकांचे एवढ्यावर भागते. काहींच्या मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसांत पाणी साचते, आणि मग तास मोजावे लागतात. तरुण असणे, व्यायाम केलेला असणे, यांमुळे संरक्षण मिळत नाही. उलट दमदार माणूस भरभर चढतो म्हणून लवकर अडकतो.

मनाली-लेह रस्त्याची खोड अशी की जिस्पा ३,२०० मीटरवर आणि पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू ४,२९० वर. एका दिवसात हजार मीटरहून जास्त. आणि सरचूला एखाद्याला उंची लागली तर खाली उतरणे हा खरा उपाय, पण उतरायचे कुठे? मागे बारालाचा, पुढे नकी ला आणि लाचुंग ला. उतरण्यासाठी आधी चढावे लागते. म्हणून आम्ही जिस्पाला दोन रात्री राहिलो, मग झिंगझिंगबारला एक रात्र काढली आणि तिसऱ्या दिवशी सरचू गाठले.

सरचूच्या तंबूत संध्याकाळी एक तरुण आला. वडोदऱ्याचा, तिथे चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला. दोन मित्रांबरोबर मोटारसायकलवरून त्याच पहाटे मनालीहून निघाला होता. आमचे मराठी ऐकून जवळ बसला आणि मी होमिओपॅथ आहे हे कळताच म्हणाला, "काका, डोकं फुटतंय. तुमच्याकडे कोका असेल ना?"

कोका हे आमच्या शास्त्रातले जुने औषध. दक्षिण अमेरिकेतल्या कोका वनस्पतीच्या पानांपासून केलेले. आमच्या औषधगुणांच्या ग्रंथांत डोंगर चढणाऱ्यांचे औषध अशी त्याची ओळख आहे. आपल्याकडचे कितीतरी ट्रेकर त्याच्या गोळ्या खिशात ठेवतात. माझ्या औषधांच्या पेटीत ते होते. मी त्याला उठवले आणि तंबूच्या दोरीलगत सरळ रेषेत, टाचेला टाच लावून दहा पावले चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला तो बाजूला कलला, सहाव्याला दोरी धरली. डोकेदुखीबरोबर तोल जात असेल तर ते मेंदूच्या सुजेचे लक्षण समजायचे. तिथे गोळ्यांची चर्चा संपते.

मी त्याच्या मित्रांना सांगितले की आत्ता, याच घटकेला निघायचे आहे. तो रागावला. "सव्वादोनशे किलोमीटर येऊन परत जाऊ? सकाळी बरं वाटेल काका." मित्रही म्हणाले, रात्रभर पाहू. मी म्हणालो, सकाळपर्यंत थांबलो तर कदाचित तुम्हाला त्याच्या आईला फोन करावा लागेल. जवळच्या लष्करी छावणीतून ऑक्सिजन मिळाला. तंबूवाल्याने जीप काढली. बारालाचा ओलांडताना त्याच्या नाकाला नळी होती. मध्यरात्रीनंतर ते केलाँगला पोहोचले. हजारभर मीटर खाली आल्यावर पहाटे त्याचे डोके उतरले. दिवाळीत त्याच्या आईचा फोन आला. त्या औषधांविषयी काही बोलल्या नाहीत. "तुम्ही त्याला चालायला लावलंत," एवढेच म्हणाल्या.

मी माझ्या शास्त्रावर सदतीस वर्षे उपजीविका केली आहे, म्हणून मला हे इतरांपेक्षा स्पष्ट सांगता येते. उंचीच्या आजारावर कोणतीही गोळी ही हळू चढण्याला पर्याय होत नाही. ॲलोपॅथीत ॲसिटाझोलामाइड नावाचे औषध आहे, त्याने शरीर लवकर सरावते हे सिद्ध झाले आहे. ते आपल्या फिजिशियनला विचारूनच घ्यावे, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर विशेष सांभाळून. पण ते घेऊनही हजार मीटरची उडी मारू नये. आणि माझ्याकडे कोका मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी प्रवासाचा कागद दाखवायला सांगतो, त्यातले मुक्काम मोजतो आणि जिथे उडी दिसते तिथे एक रात्र वाढवून देतो. माझे त्या प्रवासासाठीचे औषध तेच.

यात एक नवी भर पडली आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाला. लांबी ९.०२ किलोमीटर. लाहौलच्या लोकांना हिवाळ्यात जगापासून तुटून राहावे लागत असे. आजारी माणूस, बाळंतीण, सगळे बर्फ वितळण्याची वाट पाहत. त्यांच्यासाठी बोगदा हे वरदान आहे, आणि फिरायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याविषयी कुरकुर करू नये. पण डॉक्टर म्हणून एक बाब नोंदवतो. रोहतांग चढून पलीकडे खाली उतरून झोपणे, ही शरीराला उंचीची आपोआप मिळणारी ओळख होती. ती आता चुकते. मनालीहून निघालेली मोटार पूर्वीपेक्षा लवकर आणि कमी त्रासात सरचूला पोहोचते. जो वेळ रस्त्याने वाचवला तो तुम्ही जिस्पाला खर्च करा, एवढीच विनंती.

आता खाण्यापिण्याविषयी, कारण भाषणानंतर भगिनीवर्ग हाच प्रश्न आधी विचारतो. आम्ही जैन. कांदा, लसूण, बटाटा नाही आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. लोकांना वाटते की असल्या प्रवासात हे जमणार नाही. प्रत्यक्षात सायकलच्या दिवसाला हे नियम बरेचसे जुळतात. उंचावर दुपारनंतर दरीतून वारा सुटतो आणि उन्हाने बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणारे नाले फुगतात. सकाळी घोट्याइतके असलेले पाणी दुपारी गुडघ्यावर येते. म्हणून शहाणा प्रवासी पहाटे निघतो आणि तीनच्या आत मुक्काम गाठतो. जुलैत तिकडे सात वाजून गेले तरी उजेड असतो. वरण-भात, राजमा-भात आधी सांगितले तर बिनकांद्याचा मिळतो. बरोबर डिंकाचे लाडू, शेंगदाणे, गूळ, मेतकूट आणि घरचे भडंग होते. कुंदा नेला होता, तो केलाँगच्या पुढे टिकला नाही. खराब झाला म्हणून नव्हे, चित्रकलेच्या मास्तरांमुळे.

पाणी उकळून, गाळून पिण्याची आमच्या घराची जुनी रीत तिथे फार उपयोगी पडली. दर तीनशे मीटर चढले की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. सरचूला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही. पिण्याचे पाणी मात्र तीन मिनिटे नीट उकळू दिले तर तिथेही निर्धोक होते.

सामानाचा हिशेब आम्ही निघण्याआधी गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत तराजूवर केला. प्रत्येक वस्तू वेगळी तोलली. घाट चढताना प्रत्येक किलो आपल्या मांड्या उचलतात. अपरिग्रहावरची प्रवचने मी लहानपणापासून ऐकली, पण दुसरा स्वेटर ठेवायचा की काढायचा हे ठरवताना त्यांचा अर्थ अंगाला भिडला. आमचे मुनी पायी विहार करतात तेव्हा पुढचा मुक्काम पायांच्या बेताने ठरतो, हातात पिंछी आणि कमंडलू एवढेच असते. चातुर्मासात तर तेही एका जागी थांबतात. आणि नेमके तेच महिने लडाखचा रस्ता मोकळा असण्याचे. त्यामुळे माझ्या आईने परवानगी देताना बराच वेळ घेतला. शेवटी म्हणाली, "जा, पण मुनींसारखा जा. हळू."

उताराविषयी दोन शब्द. चढताना माणूस सावध असतो, अपघात होतात ते उतारावर. ब्रेक सतत दाबून धरू नयेत. चाकाची रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. वळणाआधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. माथ्यावर घामाने भिजलेले असतानाच कानटोपी, हातमोजे आणि वाऱ्याचे जाकीट चढवावे. थंडी वाजू लागल्यावर हात ब्रेकवर नीट वळत नाहीत. चोर्ला असो की तांगलांग ला, हे नियम सारखेच.

गाटा लूप्सच्या एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग लागलेला असतो. बंद पडलेल्या ट्रकपाशी थांबलेला एक क्लीनर तिथे तहानेने आणि थंडीने मेला, असे ट्रकवाले सांगतात, आणि येणारे-जाणारे त्याच्यासाठी पाणी ठेवतात. कथा खरी-खोटी कशी का असेना, घाटात थांबावे लागलेल्या माणसाला पाणी लागते ही नाणेघाटातली जाणीव तिथेही आहे. आम्हीही एक बाटली ठेवली आणि आजूबाजूचे रिकामे प्लास्टिक जमेल तेवढे पिशवीत भरून पांगला नेले.

शेवटी, तुमच्यापैकी ज्यांच्या मनात सायकल काढावी असे आले असेल त्यांच्यासाठी. पन्नाशी उलटली असेल तर आधी हृदयाची तपासणी आणि रक्तदाब पाहून घ्या. तीन महिने सपाटीवर, मग तीन महिने छोट्या चढांवर सायकल चालवा. मग एका रविवारी कणकुंबीपर्यंत जा, मलप्रभेचे दर्शन घ्या आणि परत या. घाट उतरण्याची घाई करू नका, कारण जो उतराल तो चढून यावा लागतो. हे वर्षभर जमले तर हिमालयाचा विचार करा, आणि तेव्हा मुक्कामांचा कागद घेऊन दवाखान्यात या. नातवंडे विमानाने थेट लेहला, साडेतीन हजार मीटरवर उतरणार असतील तर त्यांनाही हेच सांगा: पहिले दोन दिवस खोलीत आणि अंगणात काढा, खिंड कुठे पळून जात नाही.

माझे वय आता पासष्ट. पुढच्या उन्हाळ्यात स्पितीकडून कुंझुम ला ओलांडून चंद्रेच्या काठाला उतरायचा घाट घातला आहे. बँकवाले मित्र म्हणतात, या वेळी पंधरा दिवस घेऊ. मी अठरा सांगितले आहेत.